घरोघरच्या कागदाचा सिंह

नवा माणूस भेटला की लोक नाव विचारतात, गाव विचारतात, आडनावावरून आणखी काय काय ताडतात. अप्पांनी माझी मान बघितली. खोली मिळते का म्हणून मी त्यांच्या किराणा दुकानाच्या पायरीवर उभा होतो, खांद्याला पिशवी, अंगावर एसटीची धूळ. ते गुळाची ढेप फोडता फोडता थांबले आणि माझ्या कानाच्या पाळीपासून खांद्यापर्यंत नजर फिरवत राहिले. मी जनावरांचा डॉक्टर. बाजारात बैलाचा खांदा मी याच नजरेनं बघतो, त्यामुळं ती ओळखीची वाटली आणि थोडा रागही आला. शेवटी ते हिरमुसून म्हणाले, "न्हाई, कामाची न्हाई. पर ऱ्हावा. खोली मोकळीच हाय."

बोरीच्या अलीकडे मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की ते गाव लागतं. गावात सरकारी जनावरांचा दवाखाना होता, पण डॉक्टरला राहायला घर नव्हतं. म्हणून अप्पांच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत मी माझ्या नोकरीची पहिली वर्षं काढली. पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. "उठा मालक. ऊन आलं. काल लय धूळ उडाली, बेजार झाले असाल." मला वाटलं, घरात अंथरुणाला खिळलेले वडील असतील. चहा घेताना मी विचारलं, "वडिलांची तब्येत बरी नाही का?" अप्पांनी बशी खाली ठेवली, हाताला धरून मला आत नेलं आणि ओळख करून दिली.

तुरीच्या पोत्यांपलीकडे सागवानी चौरंगावर एक सिंह बसला होता. नुसतं डोकं, पण पाण्याच्या रांजणाएवढं. गेरूनं रंगवलेला चेहरा, बाहेर आलेली जीभ, अंबाडीच्या वाकाची आयाळ. अप्पा त्याच्याकडे वळून अदबीनं म्हणाले, "मालक, ह्ये नवे भाडेकरू. जनावराचे डॉक्टर हायेत. तुमाला कवा काय दुखलं तर सांगा." मी हसलो. ते हसले नाहीत, म्हणून मग मीही हसणं आवरलं.

वैशाखात नृसिंह जयंतीला दिवेलागणीच्या वेळी देवळापुढं कागदाचा खांब उभा करायचा, तो फाडून सिंहाचं सोंग बाहेर पडायचं, हे आमच्या परभणीच्या भागात काही नवलाचं नाही. नवल होतं ते या सिंहाच्या अंगात. चैत्र लागला की अप्पा खांद्याला झोळी अडकवून दारोदार फिरत. दारात उभं राहून हाक देत, "कागद वाढा, माय." पीठ वाढावं तसे बायका कागद वाढत. अट एकच होती, कोरा कागद चालायचा नाही. "ज्याला कायतरी लागलंय असा द्या," म्हणत. मग हळदीचं बोट लागलेली लग्नपत्रिका यायची, दहावीचा निकाल यायचा, दवाखान्याचा केसपेपर यायचा, पूर्ण्याला रेल्वेत लागलेल्या पोरानं जपून ठेवलेलं पहिल्या प्रवासाचं तिकीट यायचं. एखादी बाई नुसतीच घडी केलेला कागद झोळीत टाकून चटकन आत जायची. अप्पा कुणाचा कागद वाचत नसत. झोळी घेताना चष्मा मुद्दाम दुकानात ठेवून निघत.

पुढं घरात चिंचोक्यांची खळ शिजायची, तीत मेथीची पूड पडायची, म्हणजे किडा लागत नाही. गावातल्या त्या वर्षाच्या कागदांचा एक थर जुन्या चेहऱ्यावर चढायचा आणि त्यावर पुन्हा गेरू, हळद, काजळी. ऑइलपेंटला सक्त मनाई. "मालकाला घाम यायला पायजे," असं अप्पांचं त्यावर शास्त्र. असे किती थर होते कुणास ठाऊक. गावात भांडण लागलं तरी लोक म्हणायचे, "आमचा आज्जा बसलाय मालकाच्या गालात, तू आमाला काय सांगायलास?"

अप्पा लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, कपाळभर विभूती, सकाळची शिवपूजा झाल्याशिवाय पाणीसुद्धा नाही. आणि घरात विष्णूचा अवतार! मी एकदा त्यांना छेडलं. ते शांतपणे सुपारी कातरत म्हणाले, "घर शिवाचं हाय, भाडेकरू विष्णूचा. भाडेकरूची जात इचारायची आमच्यात पद्धत न्हाई. तुमाला इचारली का?" खरी गोष्ट म्हणाल तर पूर्वी गावात पावसाळ्यात न गळणारी खोली यांच्याच घरात होती, म्हणून सिंह इथं आला. पण आला तो आजोबांच्या काळात, आणि राहिला तो घरचा होऊन.

मान बघण्याचा उलगडा मला नंतर झाला. सिंह डोक्यावर घेऊन गावभर नाचवायचा म्हणजे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे. अप्पा सदा पुढच्या मानेच्या शोधात असत. गिऱ्हाईक पाठमोरं झालं की तराजू तसाच ठेवून त्याची मान न्याहाळायचे. एकदा पाथरीहून मुलगी बघायला पाहुणे आले होते. शेजारधर्म म्हणून अप्पांना बोलावलं, तर हे नवऱ्या मुलाच्या मागं जाऊन उभे! पोहे खाता खाता तो बिचारा अवघडला. मुलीच्या बापानं बाजूला घेऊन विचारलं, "कसा वाटला?" अप्पा खिन्न होऊन म्हणाले, "मान लाखात येक हाय. पर पाथरीची हाय, आपल्याला काय उपेग?" लग्न जमलं. त्या जोडप्याची पत्रिका पुढच्या चैत्रात सिंहाच्या कपाळावर बसली.

मलाही सिंहाचा इलाज करावा लागला. एका श्रावणात अप्पा दवाखान्यात आले आणि रांगेत बसले. त्यांच्यापुढं दोन शेळ्या आणि एक म्हैस. नंबर आल्यावर म्हणाले, "जनावर दाखवायचं हाय, पर त्याला आणता येत न्हाई." घरी जाऊन बघितलं तर आयाळीत कसर लागलेली. मी कुत्र्यांच्या गोचिडांवरची पावडर भुरभुरली. अप्पांना दिवसभर शिंका. तेवढ्यानं भागलं नाही. "केसपेपर काढा," म्हणाले. मी म्हणालो, "अहो, सिंहाचा केसपेपर?" "गायीचा काढता, म्हशीचा काढता, मालकानं काय घोडं मारलं?" शेवटी काढला. जनावराचा प्रकार: सिंह. लक्षणे: केस गळणे. चैत्रात झोळी घेऊन माझ्याच दारात उभे राहिले. "भाडेकरूचं बी घरच असतंय. कागद वाढा, डॉक्टर." मी हात चोळत म्हणालो, माझ्याकडं काय असणार? त्यांनी स्वतःच आठवण करून दिली. तो केसपेपर सिंहाच्या उजव्या कानामागं गेला. ज्या गावात माझं कुणी नव्हतं, त्या गावात मी असा चिकटलो.

आता परभणीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमंत्रणं मोबाइलवर येतात, निकाल मोबाइलवर लागतात, माणूस गेल्याचंही तिथंच कळतं आणि खाली हात जोडलेली चित्रं येतात. अप्पा गेल्याचं मला तसंच कळलं. गाडी काढून गेलो, पण पोचेपर्यंत त्यांना बसवून झालं होतं. त्यांच्यात समाधी देतात, बसलेल्या माणसाला. दुकान बंद होतं. पायरीवर बसलो आणि कुणीतरी मागून आपली मान बघावी असं इतकं वाटलं की शेवटी मीच वळून पाहिलं. या माणसाची मला फार आठवण येते. आपल्या आयुष्याला काय लागलंय हे विचारणारं दारात आता कुणी येत नाही.

मी गावात असतानाच जतनाची भाषा अप्पांच्या घरात पहिल्यांदा ऐकली ती संभाजीनगरहून आलेल्या एका बाईंच्या तोंडून. कुठल्याशा संग्रहालयाच्या होत्या. चांगल्या होत्या. चपला काढून आत आल्या, दुपारभर सिंहासमोर मांडी घालून बसल्या, फोटो काढण्याआधी परवानगी विचारली. त्यांचा जीव खरोखर तुटत होता. "अप्पा, हे जतन व्हायला हवं. दरवर्षी उन्हात नेता, घामानं भिजतं. अजून काही वर्षांनी हातात काही उरणार नाही. आम्ही काचेत ठेवू, तुमचं नाव लिहू."

"काचंत चालंल का ह्यो?"

"चालणार नाही. पण राहील."

अप्पांनी विचार केला. लगेच उडवून लावलं नाही. मग म्हणाले, "मंग आमच्या गल्लीत कोन यील?"

बाईंनी कॅमेरा पिशवीत ठेवला. पुढं त्यांनी परभणीत एका कार्यक्रमात अप्पांना शाल आणि मानपत्र दिलं. अप्पांनी शाल सिंहाला पांघरली. मानपत्र चैत्रात फाडून, खळीत बुडवून डाव्या कानाखाली लावलं. वाचलं नव्हतंच.

सिंह घालायचा धोंडीराम. थोडीशी कोरडवाहू शेती, बोलणं मोजकं आणि मान अशी की कॉलरचं बटण कधी लागलं नाही. तरुणपणापासून तोच घालत होता. पण दरवर्षी गाव भक्तीनं एक थर चढवत होतं आणि एकही थर कधी कुणी उतरवला नव्हता. कुणाच्या लक्षातच आलं नाही की आपण देवाला वाढवतोय आणि उचलणारा मात्र म्हातारा होतोय. मी बघितलेल्या एका वर्षी मारुतीच्या देवळापाशी सिंह डगमगला. लोकांना वाटलं, अंगात आलं. मग सिंहाची हनुवटी जमिनीला टेकली आणि आतून धोंडीरामचा आवाज आला, "काढा रे, काढा." चौघांनी मिळून डोकं उचललं. अप्पा सिंहाकडं धावले नाहीत, धोंडीरामकडं धावले, हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे.

परभणीच्या डॉक्टरांनी मानेला पट्टा घातला. मणक्यांत झीज, ओझं उचलायचं नाही, डोक्यावर तर नाहीच.

पुढच्या चैत्रात अप्पा झोळी घेऊन निघाले, तेव्हा मी सोबत होतो. धोंडीरामच्या दारात त्यांनी नेहमीसारखी हाक दिली. त्याची बायको कौसाबाई बाहेर आली. तोंडाची फटकळ बाई. तिनं हाक मारली की वेशीवरची म्हैस माघारी फिरायची. तिच्या हातात दवाखान्याचे कागद होते, जाडजूड गठ्ठा. तिनं तो सगळाच्या सगळा झोळीत टाकला.

"ह्ये घ्या कागद. याला लय काय काय लागलंय. आन् आता ऐका अप्पा, तुमच्या मालकाला जेवढं वाढायचं तेवढं वाढलं. माझा नवरा वाढणार न्हाई."

"मी कुटं मागायलोय, माय?"

"तुमी न्हाई मागणार. पर ह्यो मुका जाऊन हुबा ऱ्हातोय, मला ठावं न्हाई का? मालक त्याला आत घेतोय न् सोडीत न्हाई."

अप्पा तिथूनच माघारी फिरले. निम्मी गल्ली राहिली होती.

गावातल्या पोरांचं एक मंडळ होतं, त्याचा अध्यक्ष बालाजी. मोबाइलचं दुकान चालवायचा. पोरगा वाईट नव्हता. दुकानात येऊन नीट बसून बोलला. "अप्पा, पुण्याला फायबरचा करून मिळतो. डोळ्यात लाइट. येका हातानं उचलतो. जुना ऱ्हाऊ द्या की तुमच्यापाशी, लोक दर्शन घेतील."

"मंजे मालकाला घरी बसवायचं."

"आराम म्हणा."

अप्पांनी मान हलवली. होकार की नकार, बालाजीला कळलं नाही. मलाही नाही. त्यानंतर गिऱ्हाईक पाठमोरं झालं तरी अप्पा बघेनात. साखरेऐवजी मीठ बांधून दिलं एकाला.

मी आपला शहाणपणा सांगायला गेलो. "वरचे थर उतरवा. निम्मे काढले तरी हलका होईल."

"कोन्या घरचे काढू?" ते म्हणाले.

 त्यांनी मला जवळ बोलावलं, सिंह कलता केला आणि म्हणाले, "हात घाला आत. खालून." जबड्याच्या आत, जिथं धरून डोकं उचलतात, तिथं माझ्या बोटांना खळगे लागले. चार बोटं, अंगठा. दुसऱ्या बाजूलाही तसेच. अंगठा खोल गेलेला.

"मपल्या घरचीची बोटं हायती. आतलं अस्तर कुजलं व्हतं, तवा तिनं लगदा लावला. रेटून लावायची सवय तिला, भाकर बी तशीच थापायची. ओलं व्हतं, तसंच वाळलं."

अप्पांच्या बायकोला मी पाहिलं नव्हतं. मी येण्याआधीच त्या वारल्या होत्या. घरात त्यांचा फोटोही नव्हता. पण रोज सकाळी "उठा मालक" म्हणत हा माणूस दोन्ही हात सिंहाच्या जबड्याखालून आत घालायचा आणि जरा वेळ तसाच उभा राहायचा, हे मी सुरुवातीपासून बघत आलो होतो. मला तो वेडेपणाचाच एक भाग वाटला होता.  मी म्हणालो, "अप्पा, आतलं अस्तर तेवढं ठेवा. बाकीचं काढा. कुणाला काय कळतंय?"

"माझ्या घरचं ठिवू न् गावाचं काढू?" त्यांनी सिंह सरळ केला, आयाळ नीट केली. "उद्या येखादी बाई म्हणली, अप्पा, माझ्या लेकराचा कागद कुटं गेला? काय सांगू तिला?"

हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परसातल्या दगडी हौदात अप्पांनी सिंह बुडवला. जिथं बैल पाणी प्यायचे तो हौद. मी दात घासत होतो. त्यांनी दोन्ही हात आत घातले, उचलला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला आणि "मालक, आंघोळ," म्हणून खाली सोडला. पाणी गेरूनं लाल झालं.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. एका म्हातारीनं कपाळ बडवून घेतलं, "देव बुडीवला गं, माय!" बालाजी धावत आला. "कोनाला इचारून? माझ्या आज्ज्याचा कागद व्हता त्यात!"

"तुला फायबरचा पायजे व्हता न्हवं?"

"म्हणून का ह्यो भिजवायचा?"

"मंग तुझ्या आज्ज्याला मी किती दिस चौरंगावर बसवू, बालाजी? आज्जा चालता माणूस व्हता तुझा."

बालाजी हौदाच्या काठावर बसला. लोक जमत गेले. पाण्यात थर सुटायला लागले होते. एकेक चेहरा उतरत होता. पिवळा, त्याखाली तांबडा, त्याखाली काळपट. आणि कागद वर येत होते. कुणाला लग्नाच्या पत्रिकेवरचा गणपती दिसला. कुणी म्हणालं, ह्यो माझाच निकाल, बघा, गणितात नापास. माझी "लक्षणे: केस गळणे" तरंगत आली आणि त्या गर्दीतही हशा पिकला. एक बाई कितीतरी वेळ एका तुकड्याकडं बघत उभी होती. तिनं तो उचलला नाही, बोटानं हलकेच पाण्यात दाबला. दुपारपर्यंत अक्षरं गेली. संध्याकाळी हौदात नुसता करडा लगदा होता, कुणाचा कुठला ते सांगता येत नव्हतं. संभाजीनगरच्या बाईंचा फोन आला. त्या रडत होत्या. अप्पा मोबाइल कानापासून लांब धरून ओरडले, "बाई, तुमचं मानपत्र बी भिजलं बगा! फिकीर करू नगा, सगळं हितंच हाय!"

मग पांढऱ्या मातीचा साचा घडला. बायकांनी लगदा उखळात कुटला, मेथी मिसळली. बालाजीनं चिंचोके दळून आणले आणि दळता दळता खळीचं प्रमाण अप्पांना तीनतीनदा विचारलं. साच्यावर लगदा पातळच लावला. उरलेला ढिगानं होता. तो अप्पांनी घरोघर वाटला, गोळे करून, पुन्हा त्याच झोळीतून. "घ्या माय, तुमचं तुमाला." बायकांनी त्याच्या टोपल्या केल्या. माझ्या स्वयंपाकघरात एक आहे, लसूण ठेवतो.

आतून अस्तर लावायची वेळ आली तेव्हा अप्पा उठून धोंडीरामच्या घरी गेले आणि कौसाबाईला घेऊन आले. ती पदर खोचून, कपाळाला आठ्या घालून आली. अप्पा म्हणाले, "ज्या घरचं डोस्कं आत जायाचं, त्या घरच्या बाईचा हात आत पायजे. लाव. आन् वाळल्यावर तूच उचलून बघ. तू न्हाई म्हणली तर ह्यो बी काचंत."

तिनं लावलं. वैशाखाच्या उन्हात तीनचार दिवसांत खडखडीत वाळलं. ती पुन्हा आली, सिंह एका हातानं उचलला, स्वतःच्या डोक्यावर घातला आणि परसात फेरी मारली. आतून बोलली, "परभणीच्या डॉक्टरला दावा. त्यो हो म्हणला तर न्या." म्हणून अप्पा आणि धोंडीराम सिंहाला मांडीवर घेऊन एसटीनं परभणीला गेले. कंडक्टरशी लगेजवरून वाद झाला, तो वेगळा. डॉक्टरांनी सिंह हातात घेऊन वरखाली केला, धोंडीरामची मान तपासली आणि मारुतीपर्यंतच्या अर्ध्या फेरीला कबूल झाले. पुढच्या वर्षापासून बालाजी, असं अप्पांनी येताना ठरवूनही टाकलं. बालाजीला सांगितलं नव्हतं. मान आधीच बघून ठेवलेली होती म्हणे.

नृसिंह जयंतीला सूर्य टेकला तसा खांब फाटला आणि सिंह बाहेर पडला. हलका झाल्यामुळं तो असा नाचला की म्हाताऱ्यांनाही आठवेना असं पूर्वी कधी बघितलं होतं. पुढं कौसाबाई पाण्याचा तांब्या घेऊन चालत होती आणि गर्दीला खेकसत होती. मारुतीपासून माघारी फिरून सिंह अप्पांच्या दुकानाच्या पायरीशी आला. रिवाज असा की तिथं त्यानं मान खाली घालायची आणि घरच्या माणसानं दोन्ही हातांनी तो उतरवून घ्यायचा. हलगी थांबली. सिंह वाकला. अप्पांनी जबड्याखालून हात आत घातले आणि तसेच उभे राहिले.

क्षणभर कुणाला काही वाटलं नाही. मग मला दिसलं, त्यांचे हात आत चाचपडत होते. पुढं, मागं, पुन्हा पुढं.

"अप्पा, घ्या की," आतून धोंडीराम म्हणाला. "जीव घुसमटायलाय."

"थांब रं जरा. हात बसंना."

त्यांच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. एवढ्या माणसांत ते एकटे काहीतरी शोधत होते आणि ते तिथं नव्हतं; त्यांनीच भिजवलं होतं. कौसाबाईनं तांब्या खाली ठेवला. तिचा आवाज इतका हळू निघू शकतो हे गावाला त्या दिवशी कळलं. "जरा अलीकडं घ्या अप्पा," ती म्हणाली. "माझा हात लहान हाय."

अप्पांनी हात अलीकडं घेतले. बोटं बसली. सिंह वर आला, खालून धोंडीरामचं घामेजलेलं तोंड निघालं आणि लोकांनी गजर केला. अप्पा मात्र सिंहाकडंच बघत होते. "काहीच वजन न्हाई की गं," ते कुणाला तरी म्हणाले. मग तो छातीशी दोन्ही हातांनी घट्ट धरून, जपून एकेक पाय टाकत ते आत गेले.